सायकलचा एलईडी हेडलाइट घरीच बनवा

गळीत हंगामात सांगली-इस्लामपूर रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली उभी असेल, तर अंधारात सायकलवाल्याला ती अगदी जवळ गेल्यावरच दिसते. म्हणून पुढे चांगला झोत हवाच.

साहित्य: स्टार प्लेटवरचा (चांदणीच्या आकाराच्या धातूच्या चकतीवरचा) १ वॉटचा पांढरा एलईडी, लेन्स, १८६५० सेल (पुन्हा चार्ज होणारा गोल लिथियम सेल), होल्डर, प्रोटेक्शनवालं (सेल फार उतरू लागला की वीज तोडणारं) टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल, ३.३ ओहम १ वॉटचा रेझिस्टर, स्विच.

१. एलईडीला थर्मल पेस्ट लावून तो अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्टीवर स्क्रूने आवळा. नुसता प्लास्टिकच्या डबीत चिकटवला तर तापून मंद होतो.

२. सेल मॉड्यूलच्या 'बी' टोकांना, दिवा 'आउट' टोकांना. दिवाही 'बी'लाच जोडला तर प्रोटेक्शन मध्ये येत नाही, सेल पार उतरतो आणि कायमचा बिघडतो.

३. रेझिस्टर प्लसच्या वायरमध्ये. तो गाळला की उजेड वाढतो खरा, पण पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्ट देतो आणि एलईडीला साधारण ३.२ पुरतात; जास्तीच्या करंटने तो जळतो. रेझिस्टरमुळे करंट ३०० मिलिअँपियरच्या आसपास राहतो. २००० मिलिअँपियर-तासांचा सेल सहा तास तरी सहज पुरतो.

४. झोत चाकापुढे पाच-सहा मीटरवर पडेल इतका खाली वळवा, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत.

सेलवर थेट सोल्डरिंग मात्र कधीच करू नका. उष्णतेने लिथियम सेल पेट घेऊ शकतो.