लेकीच्या कोपरातली खाज

नाशिकची थंडी सुरू झाली की माझ्या लेकीच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खळग्यांत लाल चट्टे उठतात. झोपेत खाजवते, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. डॉक्टरांनी एक्झिमा सांगून मलम दिलं. त्याआधी मी कडुलिंबाचा पाला वाटून, वर लिंबू पिळून लावलं होतं. पोर कळवळली. फुटलेल्या कातडीला लिंबू कधीच लावू नका.

चैन पडली ती ओट्सने. साधे, बिनमसाल्याचे ओट्स मिक्सरमधून पिठासारखे बारीक केले. चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात ढवळलं की पाणी दुधाळ व्हायला हवं. तळाशी चोथा बसला तर पुन्हा फिरवायचं. अर्धी वाटी पीठ टबभर कोमट पाण्यात, त्यात 10 मिनिटं बसवायचं. कढत पाणी बंद. नंतर टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि 3 मिनिटांच्या आत, अंग ओलसर असतानाच खोबरेल. सुगंध न घातलेलं, घाण्याचं. ओट्स नि तेल दोन्ही आधी दोन दिवस मनगटावर लावून पाहिलं होतं.

मलम सोडलेलं नाही. चट्टा पेटला की डॉक्टरांनी सांगितलं तसं लावतेच. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चादर स्वच्छ निघाली. मी ती दोनदा उलटून पाहिली.