प्रवासातले फोटो: किनारा, फुलं आणि तिथली कला

नवीन ठिकाणी दोन दिवस मिळाले की आपण जागांची यादी करतो. सकाळी संग्रहालय, दुपारी समुद्र, संध्याकाळी बाग. या क्रमात प्रत्येक ठिकाण नेमकं चुकीच्या वेळी गाठलं जातं. दुपारच्या उन्हात समुद्र पांढुरका आणि सपाट येतो, संध्याकाळपर्यंत नाजूक फुलं मलूल होतात आणि सकाळचं कोवळं ऊन संग्रहालयाच्या चार भिंतींबाहेर वाया जातं.

म्हणून यादी उजेडाप्रमाणे लावा. पहाटे किनारा, ऊन कडक होण्याआधी फुलं, भर दुपारी छपराखालची कला, ऊन कलल्यावर कोरीव काम आणि मावळतीला पुन्हा किनारा. आभाळ भरून आलेलं असेल तर हा क्रम खुशाल मोडा, कारण फुलं आणि भित्तिचित्रं यांना ढगांतून झिरपणारा उजेड दिवसभर मानवतो.

सामान मोजकंच ठेवा. मॅन्युअल सेटिंग जमणारा कॅमेरा किंवा फोन, छोटा ट्रायपॉड, पोलरायझर फिल्टर (चमक कापणारी, फिरवता येणारी काच), दोन मऊ फडकी, वहीच्या आकाराचा पांढरा पुठ्ठा आणि पातळ पांढऱ्या कापडाचा हातभर तुकडा. शेवटच्या दोन वस्तूंना पैसे पडत नाहीत, पण फुलांच्या फोटोत सर्वात जास्त फरक त्यांनीच पडतो.

किनारा: आधी भरती-ओहोटी, मग सूर्य

सूर्योदयाची वेळ सगळे बघतात, ओहोटीची फारसं कुणी बघत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल सूर्योदयाला उघडे दिसलेले खडक चार दिवसांनी त्याच वेळी पाण्याखाली असू शकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी खूप आत येतं आणि खूप मागेही जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीला हा फरक कमी असतो. ओल्या वाळूवरचं आभाळाचं प्रतिबिंब, वाळूतल्या वळ्या, खडकांतली डबकी हे सगळं ओहोटीला मिळतं. खडकांवर फुटणाऱ्या लाटा हव्या असतील तर भरती धरा.

खडकांवर जायचं असेल तर पाणी उतरत असतानाच जा आणि ते चढू लागण्याआधी परत या. ट्रायपॉड लावण्यापूर्वी दहा मिनिटं नुसत्या लाटा बघा. मोठी लाट अधूनमधूनच येते आणि ती कुठवर पोचते हे तेवढ्या वेळात साधारण कळतं. ओला, काळसर खडक म्हणजे पाणी तिथवर येतं. हिरवं शेवाळ असेल तिथे पाय ठेवू नका. समुद्राकडे पाठ करून स्क्रीन न्याहाळत उभं राहणं ही इथली सर्वात धोक्याची सवय आहे.

लाटेचा फोटो शटरवर, म्हणजे कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो यावर, ठरतो. उडालेले तुषार थेंबाथेंबाने गोठवायचे तर १/१००० सेकंद. परतणाऱ्या पाण्याच्या रेघा हव्या असतील तर अर्धा सेकंद. १५-२० सेकंदांत समुद्राचं धुकं होतं. आमच्या मते अर्ध्या सेकंदाचा फोटो सर्वात बोलका असतो, कारण त्यात लाटेची दिशा आणि जोर दोन्ही दिसतात. धुक्यासारख्या समुद्रात सगळे किनारे एकसारखे होतात. शटर दाबायची वेळ लाट येतानाची नाही, ती मागे फिरायला लागतानाची.

पहाटे आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १०० आणि एफ/११ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) ला शटर १/१५ येत असेल, तर तीन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) एनडी फिल्टरने, म्हणजे उजेड कमी करणाऱ्या गडद काचेने, ते आठपट होऊन अर्ध्या सेकंदावर येतं. सहा स्टॉपचा फिल्टर वेळ ६४ पट करतो, दहा स्टॉपचा सुमारे हजारपट. म्हणजे १/६० चे साधारण १७ सेकंद. फोकस आणि फ्रेम फिल्टर लावण्यापूर्वी पक्की करा, मग फोकस मॅन्युअलवर टाका. गडद फिल्टरमधून कॅमेऱ्याला नीट फोकस सापडत नाही.

असे फोटो हलण्याचं कारण बहुतेकदा वाळू असते. लाट परतताना ट्रायपॉडच्या पायांभोवतीची वाळू ओढून नेते आणि तो फोटो टिपला जात असतानाच खचतो. पाय आधीच जोर देऊन वाळूत खोल रोवा आणि लाट येऊन गेली की पुन्हा दाबा. क्षितिज सरळ ठेवा. वाइड लेन्समध्ये ते फ्रेमच्या वर किंवा खाली घेतलं तर वाकलेलं दिसू शकतं. तो लेन्सचा दोष असतो आणि एडिटिंगमध्ये लेन्स करेक्शनने जातो.

कॅमेऱ्याचा मीटर (उजेड मोजणारा भाग) समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. म्हणून पांढरी वाळू आणि फेस यांनी फ्रेम भरली की फोटो काळवंडतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, एक स्टॉपपर्यंत वाढवा. फ्रेममध्ये सूर्य असेल तर उलट: आभाळ जळणार नाही (तपशील जाऊन कोरं पांढरं होणार नाही) इतकं कमी करा आणि खडक नंतर उजळा. अंधारात थोडा तपशील शिल्लक असतो, जळलेल्या पांढऱ्यात काहीच उरत नाही.

पोलरायझर सूर्याशी ९० अंशांच्या दिशेला सर्वात जास्त चालतो, सूर्य समोर किंवा पाठीमागे असताना जवळजवळ नाहीच. डबक्याचा तळ दाखवायचा तर पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांचा कोन धरून बघा आणि चमक जाईपर्यंत फिल्टर फिरवा. पण ओल्या वाळूतलं प्रतिबिंब हा विषय असेल तर तो काढून ठेवा, कारण तो हेच प्रतिबिंब पुसतो. अगदी वाइड लेन्सवर त्याच्यामुळे आभाळात एका बाजूला गडद पट्टा येतो.

खारे तुषार डोळ्यांना दिसत नाहीत, फोटोत मात्र धुरकट डाग होऊन उतरतात. दर थोड्या वेळाने काच तिरपी धरून बघा. कोरड्या फडक्याने घासू नका, वाळूच्या कणाने ओरखडा पडतो. आधी फुंकणीने किंवा ब्रशने कण उडवा, मग गोड्या पाण्यात किंचित ओलं केलेलं फडकं आणि शेवटी कोरडं. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. मुक्कामी परतल्यावर ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांबवून गोड्या पाण्याने धुवा आणि तसेच वाळवा. ओलेच मिटले तर लॉकमध्ये मीठ आणि वाळू बसते.

फुलं

फुलाआधी मागची जागा निवडा. कितीही देखणं फूल असलं तरी मागे पांढरं आभाळ, पाटी किंवा जाड काडी असेल तर नजर तिकडेच जाते. मागची झाडी फुलापासून चार-पाच फूट लांब असेल तर ती आपोआप विरघळते. मग पाकळ्या तपासा. किडीने खाल्लेली कड, सुकलेले पुंकेसर, कोळ्याचं जाळं मोठ्या फोटोत ठळक दिसतं. शेजारी ताजं उमललेलं फूल असेल तर तेच घ्या.

उभं राहून वरून काढलेला फोटो रोज दिसतं तसंच फूल दाखवतो. कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणा, गरज पडली तर कोपर जमिनीला टेका. त्यासाठी बाजूची रोपं तुडवावी लागत असतील तर ते फूल सोडून द्या. फूल खुडून सोयीच्या जागी ठेवणंही नको.

जवळून काढताना फोकसची खोली किती तोकडी असते याचा अंदाज फार थोड्यांना असतो. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर मॅक्रो लेन्सने, म्हणजे अगदी जवळून काढायच्या लेन्सने, वस्तू सेन्सरवर (उजेड टिपणाऱ्या भागावर) तिच्या मूळ मापाइतकी पडत असेल, तर एफ/८ ला जेमतेम एक मिलिमीटर भाग तीक्ष्ण येतो. थोडं मागे सरून वस्तू पाव मापाची केली की तोच भाग सुमारे एक सेंटिमीटर होतो. त्यामुळे पहिला उपाय छिद्र बारीक करण्याचा नाही, थोडं मागे सरकण्याचा आहे. नंतर कडा कापता येतात. एफ/१६ च्या पुढे गेलं तर खोली वाढते, पण विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो म्हणून) सगळंच किंचित मऊ होतं.

दुसरा उपाय कोनाचा. चपटं फूल असेल तर सेन्सर पाकळ्यांना समांतर धरा, सगळ्या पाकळ्या एकाच पातळीत येतात. खोलगट फुलात सगळं तीक्ष्ण आणण्याचा हट्ट सोडा. तुमच्याकडे झुकलेल्या पुंकेसरांच्या टोकांवर फोकस ठेवा आणि मागची पाकळी मऊ होऊ द्या. ऑटोफोकस पुढेमागे भरकटत असेल तर फोकस कायम ठेवून स्वतः किंचित पुढे-मागे झुका आणि टोकं तीक्ष्ण दिसली की तीन-चार फोटो सलग घ्या.

वाऱ्याला १/२५० सेकंद हे किमान धरा. झुळूक असेल तर १/५००. त्यासाठी आयएसओ ८०० पर्यंत न्यायला कचरू नका. आयएसओ वाढल्याने येणारे दाणे एडिटिंगमध्ये कमी होतात, हललेलं फूल सरळ होत नाही. वारा सलग नसतो, दोन झुळुकांमध्ये फूल क्षणभर स्थिर होतं, त्याची वाट बघा.

कडक ऊन असेल तर फूल आणि सूर्य यांच्यामध्ये पातळ पांढरं कापड धरा. पाकळ्यांवरच्या काळ्या सावल्या जातात, शिरा दिसू लागतात. ऊन मागून येत असेल तर पांढरा पुठ्ठा फुलासमोर, फ्रेमच्या अगदी बाहेर ठेवा. पातळ पाकळ्यांना हा मागचा उजेड सर्वात शोभतो.

लाल फुलाचं दुखणं वेगळं आहे. एकूण एक्स्पोजर बरोबर दिसतं, पण लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा हिस्सा) आधीच भरून गेलेला असतो आणि पाकळी सपाट ठिगळासारखी येते. साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) हे दाखवेलच असं नाही, तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. लाल रेघ उजव्या कडेला चिकटली असेल तर एक्स्पोजर २/३ स्टॉपने कमी करून पुन्हा घ्या.

फोन असेल तर फुलाला अगदी चिकटू नका. जवळ गेल्यावर बरेच फोन आपणहून वाइड लेन्सवर जातात आणि मागची सगळी गर्दी फ्रेममध्ये येते, वर फोनची सावलीही पडते. थोडं लांबून २एक्स झूम वापरा.

भिंती, कोरीव काम, काचेमागचं

भित्तिचित्र सावलीत असताना काढा. अर्धं उन्हात, अर्धं सावलीत असेल तर ते कुठल्याच एक्स्पोजरला नीट येत नाही. चित्राच्या बरोबर मध्यासमोर, जमेल तितकं मागे जाऊन ५० ते ७० मिमी लेन्सने घ्या. कॅमेरा वर झुकवला की चित्राच्या उभ्या कडा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. खालच्या कोपऱ्यातली चित्रकाराची सही किंवा नाव वेगळं टिपून ठेवा. फोटो कुठे दाखवणार असाल तर ते नाव द्यावंच. विकणार असाल तर त्या देशाचा नियम आधी बघा, कारण सार्वजनिक जागेतल्या कलेच्या फोटोंबाबत देशोदेशी वेगवेगळे कायदे आहेत.

उठावशिल्पाला उलट, तिरपं ऊन हवं. समोरून आलेला उजेड कोरीव काम सपाट करतो, भिंतीला घासून जाणारा उजेड प्रत्येक खाच उठवतो. पूर्वेकडच्या भिंतीवर असं ऊन सूर्य भिंतीमागे जायच्या बेताला असताना मिळतं, म्हणजे दुपार होण्याच्या थोडं आधी. पश्चिमेकडच्या भिंतीवर दुपार उलटल्यावर लगेच. उत्तर-दक्षिण भिंतींना सकाळ-संध्याकाळ चालून जाते.

काचेमागच्या वस्तूला फ्लॅश नको. त्याचा पांढरा गोळा काचेवर उमटतो आणि बऱ्याच ठिकाणी त्याला बंदीही असते. काचेला हात लावायची परवानगी असेल तर रबरी लेन्स-हूड काचेला टेकवा. नसेल तर गडद कपडे घालून थोडं बाजूने काढा. आयएसओ १६०० ते ३२०० ला घाबरू नका. दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे आले तर शटर विजेच्या वारंवारतेशी जुळवा: ५० हर्ट्झच्या देशात १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झच्या देशात १/६० किंवा १/१२०.

कारागीर काम करत असेल तर आधी विचारा, मग कॅमेरा बाहेर काढा. खिडकी त्याच्या बाजूला येईल असं उभं राहा, आतले दिवे बंद करता येत असतील तर तशी विनंती करा, म्हणजे दोन रंगांचा उजेड मिसळत नाही. हात आणि हत्यार एकाच फ्रेममध्ये घ्या, शटर १/१२५ च्या खाली जाऊ देऊ नका. काम एकाच हालचालीत पुन्हा पुन्हा होत असतं. दोनतीन वेळा नुसतं बघितलं तर हात क्षणभर कुठे थांबतो ते कळतं, शटर तिथे दाबायचं.

निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचं घड्याळ स्थानिक वेळेला लावा. नंतर भरतीची वेळ आणि फोटोची वेळ ताडून बघायची तर हे लागतंच. रोज रात्री फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या पिशवीत ठेवा आणि फुलाचं, चित्रकाराचं, जागेचं नाव त्याच रात्री फाइलला जोडा.