नोटांसाठी चुंबकी क्लिप घरच्या घरी कशी तयार करावी

दुमडलेल्या नोटा खिशात एकत्र धरून ठेवणारी चामड्याची क्लिप दिसायला साधी असते. परंतु ती उपयोगी ठरते की नाही, हे चामड्याच्या प्रतीपेक्षा तिच्या दोन टोकांतील चुंबकांमध्ये किती अंतर उरते यावर अवलंबून असते. चुंबकांची परस्पर ओढ अंतर वाढताच झपाट्याने घटते. एका नोटेची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर धरली, तर दहा नोटा मधोमध दुमडल्यावर वीस पदर होतात आणि दोन मिलिमीटर अंतर नोटांनीच व्यापले जाते. त्यात चामड्याच्या आतल्या दोन थरांची भर पडते. नोटांची जाडी आपल्या हातात नाही, चामड्याची आहे. म्हणून आतला थर शक्य तितका पातळ ठेवणे, हा पुढील कृतीचा गाभा आहे.

चुंबक निओडिमियमचे, चांदीसारखे चकचकीत, १० मिलिमीटर व्यासाचे व १.५ मिलिमीटर जाडीचे चार घ्यावेत. जुन्या स्पीकरमध्ये असतात ते काळे फेराइट चुंबक एवढ्या लहान आकारात पुरेसे जोरकस नसतात. निओडिमियमच्या चुंबकांना ‘एन’ या अक्षरापुढे आकडा लिहून श्रेणी दिलेली असते. एन३५ चालतो, एन४२ अधिक चांगला, आणि त्याहून वरच्या श्रेणीवर खर्च करण्याची आवश्यकता नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी करावी, अथवा ऑनलाइन मागवावेत. याखेरीज १.२ मिलिमीटर जाडीचे चामडे बाहेरच्या पट्टीसाठी, सुमारे ०.७ मिलिमीटरचे मऊ चामडे अस्तरासाठी (म्हणजे नोटांना लागून असणाऱ्या आतल्या थरासाठी), दोन मिलिमीटर जाडीचा तुकडा मधल्या थरासाठी, आणि अर्ध्या मिलिमीटरचा लोखंडी पत्रा लागेल. जुन्या पाकिटाचे चामडे अस्तरासाठी उत्तम असते. रेक्झिन मात्र वापरू नये, कारण सतत दुमडल्या जाणाऱ्या जागी ते लवकर तडकते.

बाहेरची पट्टी १३५ मिलिमीटर लांब व २५ मिलिमीटर रुंद कापावी. हे माप नोटांवरून ठरवले आहे. सध्याच्या महात्मा गांधी नवीन मालिकेतील पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब आहे आणि दहाची १२३ मिलिमीटर. म्हणजे मधोमध दुमडल्यावर सर्वांत लहान नोट साडेएकसष्ट मिलिमीटरची उरते. पट्टीची घडी नोटांच्या घडीवर बसवली असता चुंबक या लांबीच्या आत आले, तरच दहाच्या नोटेपासून पाचशेच्या नोटेपर्यंत सर्व नोटा पकडीत राहतात.

मधल्या थराचे ४० मिलिमीटर लांबीचे दोन तुकडे पट्टीच्या रुंदीएवढे कापावेत. प्रत्येकात, टोकापासून आठ मिलिमीटर सोडून, २४ मिलिमीटर लांब व १० मिलिमीटर रुंद अशी खिडकी कटरने कोरावी. पत्र्याचे दोन तुकडे याच मापाचे कापून त्यांच्या कडा कानशीने घासाव्यात, अन्यथा त्या चामड्यातून बाहेर येतील. खिडकीत आधी पत्रा आणि त्यावर दोन चुंबक शेजारी शेजारी बसले की पत्रा व चुंबक मिळून दोन मिलिमीटर जाडी होते आणि मधला थर सपाट राहतो.

हा पत्रा वगळण्याचा मोह टाळावा. शेजारच्या दोन चुंबकांचे विरुद्ध ध्रुव वर ठेवले, तर मागचा लोखंडी पत्रा त्यांना जोडतो, बाहेरच्या बाजूस वाया जाणारे बरेचसे चुंबकीय बल आतल्या बाजूस वळवतो, आणि त्यामुळे पकड वाढतेच, शिवाय खिशातील इतर वस्तूंना होणारा उपद्रवही कमी होतो. अॅल्युमिनियमचा पत्रा या कामी निरुपयोगी आहे, आणि भांड्यांच्या स्टेनलेस स्टीललाही बहुधा चुंबक चिकटत नाही. म्हणून कापण्यापूर्वी चुंबक लावून पाहावा.

ध्रुवांची मांडणी हीच या कामातील सर्वांत नाजूक पायरी आहे. चारही चुंबक एकावर एक चिकटवून त्यांची चळत करावी आणि वरून एकेक चुंबक सरकवून काढताना त्याच्या वरच्या बाजूस मार्करने ठिपका द्यावा. अशा रीतीने सर्व ठिपके एकाच ध्रुवावर येतात. पट्टी उलगडून आतली बाजू वर ठेवली असता, डाव्या टोकाकडून उजवीकडे ठिपका वर, खाली, वर, खाली असा क्रम ठेवावा. पट्टी दुमडल्यावर प्रत्येक चुंबकासमोर विरुद्ध ध्रुव येतो. गोंद लावण्यापूर्वी हे कोरडेच जुळवून एकदा दुमडून पाहावे.

त्यानंतर चामड्याच्या थरांना चप्पल-बूट दुरुस्त करणारे कारागीर वापरतात तो रबरी गोंद, आणि चुंबक व पत्र्याला दोन नळ्यांतून येणारा एपॉक्सी गोंद लावावा. सुकेपर्यंत, म्हणजे रात्रभर, पट्टी लाकडी फळीवर उलगडूनच ठेवावी, कारण ओला गोंद असताना दोन टोके एकमेकांकडे ओढली गेली तर चुंबक जागेवरून हलतात. अस्तराचे ४८ मिलिमीटरचे दोन स्वतंत्र तुकडे प्रत्येक टोकावर चिकटवावेत आणि घडीची जागा एकेरी चामड्याचीच ठेवावी. अखंड अस्तर घडीत चुरगळते. अस्तराची खरखरीत बाजू नोटांकडे असावी. चुंबक समोरासमोर ओढून वेगळे करणे कठीण असते, पण बाजूला सरकवणे सोपे असते. ते सरकणे हा खरखरीतपणाच रोखतो.

शिवणीची छिद्रे चुंबक बसवण्यापूर्वीच आरीने पाडून घ्यावीत, कारण नंतर सुई चुंबकाकडे ओढली जाते आणि टाका वाकडा पडतो. मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून एकाच छिद्रातून दोन्ही बाजूंनी टाका घालावा. शेवटी कडांना मेण चोळावे. पावसाळ्यात ओल आत शिरली आणि चुंबकावरील निकेलचा मुलामा खरवडलेला असला, तर आतला धातू गंजून भुगा होतो. तयार क्लिपवर इस्त्रीही फिरवू नये, कारण साध्या श्रेणीचे हे चुंबक सुमारे ८० अंश सेल्सियसच्या पुढे आपली शक्ती कायमची गमावू लागतात.

पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने ही क्लिप वापरू नये. आपल्याकडे नोटा शर्टाच्या वरच्या खिशात ठेवण्याची सवय असल्याने ही सूचना विशेष महत्त्वाची आहे. सुटे चुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, कारण एकाहून अधिक चुंबक गिळले गेल्यास ते आतड्याचे पदर आपसांत चिमटतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. बँकेच्या कार्डावरील चिपला चुंबकाचा धोका नसतो, परंतु मागील काळी चुंबकी पट्टी बिघडू शकते. म्हणून कार्ड दुसऱ्या खिशात ठेवावे.

तयार क्लिपमध्ये दहा नोटा अडकवून ती उलटी धरून झटकावी. नोटा सरकल्या, तर चुंबक न बदलता आधी अस्तराचे चामडे आणखी तासून पातळ करावे.