‘थंय आपलो कोण आसा?’ : गोव्यात प्रवेश घेताना नात्यागोत्याचा उपयोग

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे किती टक्के पडले हे विचारून होतं न होतं, तोच पुढचा प्रश्न येतो : ‘थंय आपलो कोण आसा?’ म्हणजे तिथे आपलं कोण आहे? बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात कोण ओळखीचं, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंगला कोण, पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयात कुणाचा जावई कामाला आहे. गोवा केवढासा! दोन-तीन फोन केले की कुणी ना कुणी सापडतंच. मी डिचोलीची, यातून गेलेली. आता दर उन्हाळ्यात नात्यातली मुलं कागदांची पिशवी घेऊन घरी येतात, म्हणून हे लिहून ठेवते.

मेडिकलला वशिल्याचा विचार डोक्यातून काढून टाका. सगळं नीटच्या गुणांवर चालतं. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, बाकीच्या राज्याच्या गुणवत्ता यादीतून. यादी सगळ्यांसमोर असते. तुमच्या खालच्याला वर चढवलं तर बोंब मारायला पन्नास पालक तिथेच उभे असतात.

माझ्या वेळी पर्वरीला प्रवेशफेरीच्या दिवशी रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ मुलीला घेऊन उभे होते. फाईलमध्ये सगळ्यांत वर आमदारांच्या लेटरहेडवरचं शिफारसपत्र. कागद तपासणाऱ्या बाईंनी ते वाचलंसुद्धा नाही. पालथं घालून बाजूला ठेवलं आणि विचारलं, ‘वास्तव्याचो दाखलो खंय?’ गृहस्थांनी फाईल पुढून मागे चाळली, मागून पुढे चाळली, मग फोन काढून बाहेर गेले. दाखला नव्हताच. यादीत त्या मुलीचा नंबर माझ्या वर होता.

घरच्या माणसांचा खरा फायदा दिसतो तो इथे. ज्या घरात आधी कुणी शिकून गेलंय, तिथे निकालाची वाट न बघता वास्तव्याच्या दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत अर्ज पडलेला असतो. ओबीसी असाल तर नॉन-क्रिमी लेयरचा कागद चालू मुदतीचा लागतो, नावाचं स्पेलिंग जन्मदाखल्यावर आणि मार्कशीटवर एकच लागतं, हे त्यांना आधीच ठाऊक असतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मला हे मावशीच्या नणंदेने सांगितलं. तिची कुठेही ‘वट’ नव्हती, मुलगा तेवढा दोन वर्षं आधी त्याच रांगेत उभा राहिला होता.

काही नाती मात्र नियमातच बसवलेली आहेत. माजी सैनिकांची मुलं, स्वातंत्र्यसैनिकांच्या घरातली मुलं यांच्यासाठी वेगळे प्रवर्ग असतात. आजोबा गोवा मुक्तिलढ्यात होते हे गावाला माहीत असून भागत नाही, तसा सरकारी कागद हवा. तो कपाटात आहे का, आज बघा.

उलट एक नातं जागा घालवतं, आणि ते खास गोव्याचंच. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्या आजी-आजोबांच्या आधारावर पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. पण ते घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं आणि मूल ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डावर येतं. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार नीट, जेईईसारख्या परीक्षांतून ओसीआय उमेदवाराला फक्त एनआरआयच्या (परदेशस्थ भारतीयांच्या) किंवा जादा निर्माण केलेल्या जागा मिळू शकतात. कार्ड त्या तारखेआधीचं असेल तर हा नियम लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. इंग्लंडात स्वस्तात शिकेल ही आशाही आता फारशी उरली नाही : ब्रेक्झिटनंतर, २०२१-२२ पासून, नव्याने जाणाऱ्या बहुतेक युरोपीय नागरिकांना तिथे परदेशी विद्यार्थ्यांचीच फी पडते. मूल डॉक्टर व्हायचं म्हणत असेल तर लिस्बनचे कागद हलवण्याआधी हा हिशेब मांडा.

आणि दुबईचा मामा! ‘त्याच्या नावावर एनआरआय सीट काढतो’ म्हणणारे एजंट बेळगावापासून मंगळूरपर्यंत भेटतात. पंजाब सरकारने काका-मामा-आत्या असे नातेवाईक एनआरआय कोट्यात घुसवले, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सरळ फसवणूक म्हटलं. मामाचं नातं त्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत धरलंय का, हे स्वतः वाचल्याशिवाय एजंटाच्या हातावर एक रुपया ठेवू नका.

अमेरिकेची तयारी करणाऱ्यांनाही थोडं. तिथल्या काही खासगी विद्यापीठांत आईबाप माजी विद्यार्थी असले तर पदवीच्या प्रवेशात उघड वजन मिळतं. हार्वर्डवरच्या खटल्यात बाहेर आलेले आकडे असे : अशा मुलांपैकी सुमारे ३३ टक्के निवडली गेली, एकंदरीत प्रमाण सुमारे ६ टक्के. एमआयटी हे नातं बघतच नाही, आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खासगी विद्यापीठांतही त्यावर बंदीचा कायदा केला. काकाने टेक्सासला एमएस केलं, याला तिथे शक्यतो कुणी विचारत नाही.

ओळखीच्या माणसाला फोन करायचाच असेल तर जरूर करा, पण ‘काम करून द्या’ म्हणून नको. गेल्या वर्षी शेवटची जागा कितव्या नंबरला थांबली, कुठल्या दाखल्यावर मुलं अडकली, मूळ कागद कधी परत मिळाले, एवढं विचारून घ्या. याचं उत्तर शिपाईसुद्धा देतो, आणि बहुतेकदा साहेबापेक्षा बरोबर देतो.