कॉफी साखळी कंपनीचे आर्थिक निकाल कसे वाचावेत

निकाल जाहीर झाले की बातम्यांमध्ये दोनच गोष्टी ठळकपणे येतात : एकूण विक्री किती वाढली आणि प्रति समभाग मिळकत (एका समभागामागे येणारा निव्वळ नफा) अंदाजापेक्षा कमी आली की जास्त. कॉफीची दुकाने चालवणाऱ्या कंपनीची खरी प्रकृती या दोन आकड्यांवरून कळत नाही. निकालपत्र उघडल्यावर आधी जुन्या दुकानांच्या विक्रीचा, म्हणजे ‘सेम-स्टोअर सेल्स’चा तक्ता शोधावा, कारण नवी दुकाने उघडत राहिल्यास जुन्या दुकानांतली गर्दी ओसरत असतानाही एकूण विक्री वाढलेली दिसते.

स्टारबक्सचे सप्टेंबर २०२४ मध्ये संपलेले आर्थिक वर्ष याचे उत्तम उदाहरण आहे. त्या वर्षी एकूण उत्पन्न सुमारे १ टक्क्याने वाढून ३६.२ अब्ज डॉलरवर गेले. परंतु १३ महिने किंवा त्याहून अधिक काळ चालू असलेल्या दुकानांची विक्री जगभरात मिळून २ टक्क्यांनी घटली. तक्त्यात आणखी खोल गेल्यास असे दिसते की व्यवहारांची संख्या ४ टक्क्यांनी कमी झाली होती आणि प्रत्येक बिलाची सरासरी रक्कम २ टक्क्यांनी वाढली होती. माझ्या मते संपूर्ण निकालपत्रात याहून मोलाची माहिती नसते. सरासरी बिल दरवाढीनेही वाढते, पण कमी झालेले व्यवहार ग्राहक दुरावल्याची किंवा त्यांचे येणे कमी झाल्याची खूण असते, आणि दरवाढीच्या जोरावर ती तूट फार काळ भरून काढता येत नाही.

दुकाने स्वतःची किती आणि परवान्यावर दिलेली किती, हेही पाहावे. परवानाधारकाच्या दुकानातली संपूर्ण विक्री कंपनीच्या उत्पन्नात धरली जात नाही. तिथून फक्त स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) आणि पुरवलेल्या मालाची किंमत येते. त्यामुळे एकूण उत्पन्नाला सर्व दुकानांच्या संख्येने भागून काढलेली सरासरी निरर्थक ठरते.

खर्चाच्या बाजूला बहुतेकांची नजर कॉफीच्या बियांच्या भावाकडे जाते. स्वतः दुकाने चालवणाऱ्या कंपनीत मात्र पगार, भाडे आणि देखभाल यांचा भार सहसा अधिक असतो. हा खर्च विक्री घटली तरी त्याच प्रमाणात घटत नाही, म्हणून ग्राहक थोडेसे कमी झाले तरी परिचालन नफ्याचे, म्हणजे व्याज आणि कर वजा करण्यापूर्वी धंद्यातून उरणाऱ्या नफ्याचे, विक्रीशी प्रमाण झपाट्याने घसरते. बियांची खरेदी बरीच आधी ठरलेल्या दराने होत असल्यामुळे बाजारभावातील चढउतार नफा-तोटा पत्रकात काही तिमाही उशिरा उमटतो.

भाड्याच्या बाबतीत विशेष सावध राहावे. २०१९ पासून दीर्घ मुदतीचे भाडेकरार ताळेबंदात देणे म्हणून दाखवावे लागतात. आंतरराष्ट्रीय लेखा मानकांनुसार असे भाडे घसारा (मालमत्तेच्या मूल्यातील दरवर्षी धरली जाणारी घट) आणि व्याज यांत विभागले जाते, तर अमेरिकी नियमांनुसार दुकानांचे बहुतेक भाडे परिचालन खर्चातच राहते. साहजिकच व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा पहिल्या पद्धतीत फुगलेला दिसतो. दोन देशांतील साखळ्यांची तुलना करताना हा फरक दुरुस्त केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

ताळेबंदात ‘स्थगित उत्पन्न’ ही नोंद आढळेल. ग्राहकाने कंपनीच्या प्रीपेड कार्डावर आगाऊ भरलेले पैसे पेय विकत घेईपर्यंत उत्पन्न मानले जात नाहीत, ते कंपनीचे देणे असते. जी शिल्लक कधीच वापरली जाणार नाही असा अंदाज असतो, ती हळूहळू उत्पन्नात घेतली जाते. या रकमेला व्याज द्यावे लागत नाही, हा कंपनीचा मोठा फायदा. मात्र ही नोंद केवळ कार्डांचीच असते असे नाही. २०१८ मध्ये नेस्लेने स्टारबक्सला वितरण हक्कांसाठी सुमारे ७ अब्ज डॉलर आगाऊ दिले आणि ती रक्कम ४० वर्षांत विभागून उत्पन्नात दाखवली जात आहे. तिच्यातून दरवर्षी दिसणाऱ्या उत्पन्नामागे त्या वर्षी नवी रोकड येत नाही, म्हणून नफ्याशेजारी रोकड प्रवाहाचे विवरण ठेवूनच वाचावे.

भागधारकांचा निधी (मालमत्तेतून सर्व देणी वजा करून उरणारी रक्कम) उणे दिसला, तर कंपनी बुडीत निघाली असे लगेच समजू नये. स्टारबक्सच्या बाबतीत हे प्रामुख्याने कंपनीने स्वतःच्याच समभागांच्या केलेल्या मोठ्या पुनर्खरेदीमुळे झाले आहे. पुनर्खरेदीमुळे समभागांची संख्या घटते आणि नफा तेवढाच राहिला तरी प्रति समभाग मिळकत वाढते. म्हणून एकूण निव्वळ नफा वेगळा तपासावा आणि परिचालन नफा व्याजाच्या किती पट आहे, हेही काढून पाहावे.

तुलना नेहमी मागील वर्षाच्या त्याच तिमाहीशी करावी, कारण विक्री ऋतूंनुसार बदलते. शिवाय आठवडे मोजून वर्ष ठरवणाऱ्या कंपन्यांचे एखादे वर्ष ५३ आठवड्यांचे असते. स्टारबक्सचे २०२१ चे वर्ष तसे होते. अशा वेळी जादा आठवड्याची विक्री वजा करूनच वाढीचा दर काढावा.