छातीच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट कसा वाचावा

सीटी स्कॅनचा रिपोर्ट हाती पडला की घरातले सगळे आधी शेवटचा 'इम्प्रेशन' (निष्कर्ष) हा परिच्छेद वाचतात आणि त्यातला एखादा अनोळखी शब्द मोबाइलवर शोधू लागतात. हा क्रम उलटा करावा. रिपोर्टमध्ये रेडिओलॉजिस्ट जे दिसले त्याचे वर्णन करतो. त्या वर्णनाचा अर्थ रुग्णाची लक्षणे, तपासणी आणि जुन्या फिल्म यांच्याशी ताडून ठरतो. 'क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड' (लक्षणांशी ताडून पाहावे) हे वाक्य जवळजवळ प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी असते, ते याच कारणासाठी.

प्रथम वरचा भाग पाहावा. नाव, वय आणि तारीख जुळते का, स्कॅन कोणत्या तक्रारीसाठी सांगितला होता आणि तो कोणत्या प्रकारचा आहे, हे तिथे लिहिलेले असते. एचआरसीटी म्हणजे हाय-रिझोल्यूशन सीटीमध्ये अगदी पातळ काप घेतले जात असल्याने फुफ्फुसाची बारीक वीण स्पष्ट दिसते, पण शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून दिले जाणारे औषध) न देता केलेल्या तपासणीत फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीतील गुठळी दिसेलच असे नाही. म्हणून 'साध्या स्कॅनमध्ये गुठळी लिहिलेली नाही, म्हणजे ती नाही' असा निष्कर्ष काढू नये.

त्यानंतर 'फाइंडिंग्ज', म्हणजे काय काय दिसले तो भाग. उजव्या फुफ्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन खंड असतात, आणि प्रत्येक दोष कोणत्या खंडात आहे हे लिहिलेले असते. चित्र पाहताना लक्षात ठेवावे की पडद्याच्या डाव्या बाजूला रुग्णाची उजवी बाजू दिसते. हवा काळी दिसते आणि हाड पांढरे. सीटीवर घनता ज्यात मोजतात त्या हाउन्सफील्डच्या मापात हवा उणे १०००, तर पाणी ०. 'ग्राउंड ग्लास ओपॅसिटी' म्हणजे दुधी काचेसारखा धूसर भाग, ज्यातून रक्तवाहिन्या दिसत राहतात. 'कॉन्सॉलिडेशन'मध्ये त्या झाकल्या जातात. दोन्ही शब्द आजाराची नावे नाहीत. जंतुसंसर्ग, सूज, रक्तस्राव अशा अनेक कारणांनी ही चित्रे दिसतात.

सर्वांत जास्त भीती 'नोड्यूल' या शब्दाची वाटते. ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गोलसर ठिपक्याला नोड्यूल आणि त्याहून मोठ्याला मास म्हणतात. तपासणीत योगायोगाने सापडलेल्या नोड्यूलसाठी फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या रेडिओलॉजीतील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक सूत्रे जगभर वापरली जातात. त्यांच्यानुसार, कर्करोगाचा धोका कमी असलेल्या व्यक्तीत ६ मिलिमीटरपेक्षा लहान, एकच आणि घन नोड्यूल असेल तर सहसा पुढच्या स्कॅनची गरज नसते, ६ ते ८ मिलिमीटरसाठी ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा सीटी करतात आणि ८ पेक्षा मोठ्यासाठी ३ महिन्यांनी सीटी, पेट (PET) स्कॅन म्हणजे जास्त सक्रिय पेशी चमकून दिसणारी तपासणी, किंवा बायॉप्सी यांचा विचार होतो. पस्तिशीच्या आतील व्यक्ती, आधी कर्करोग झालेले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना ही सूत्रे लागू होत नाहीत.

मुंबईकरांनी याला एक जोड द्यायला हवी. क्षयरोग या शहरात इतका पसरलेला आहे की, कधी झाला आणि कधी बरा झाला हे ज्यांना ठाऊकही नाही, अशा माणसांच्या फुफ्फुसांतही त्याचे व्रण सापडतात. 'कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा' किंवा 'फायब्रोटिक स्ट्रँड्स' हे शब्द, विशेषतः वरच्या खंडात, बहुधा भरून आलेल्या जुन्या जखमेकडे बोट दाखवतात. याउलट 'ट्री-इन-बड' म्हणजे कळ्या फुटलेल्या फांदीसारखे चित्र किंवा 'कॅव्हिटी' म्हणजे पोकळी दिसली, तर सक्रिय क्षयाची शंका घ्यावी लागते. तरीही केवळ चित्रावरून औषधे सुरू करण्याचा आग्रह धरू नये. औषधांना दाद न देणारा क्षय मुंबईत आढळतो, म्हणून आधी बेडक्याची सीबीनॅट ही जनुकीय तपासणी व्हावी, जी जंतूबरोबर रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला त्याचा असलेला प्रतिकारही दाखवते. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ती मोफत होते. पेट स्कॅनमध्ये क्षयाची गाठही कर्करोगासारखी चमकू शकते, हेही त्या रिपोर्टपुढे हादरून जाण्यापूर्वी ध्यानात असू द्यावे.

या सगळ्या गोंधळातून वाट दाखवणारी सर्वांत खात्रीची वस्तू म्हणजे जुनी फिल्म. दोन वर्षांपूर्वीही तोच ठिपका तेवढाच असेल, तर घन नोड्यूलबाबत मोठा दिलासा मिळतो. माझ्या वडिलांच्या बाबतीत तेच झाले: नव्या रिपोर्टमधील ज्या डागाने आम्ही दोन रात्री जागून काढल्या, तो कपाटातल्या जुन्या एक्स-रेमध्ये तसाच होता. पावसाळ्यात फिल्म दमटपणाने एकमेकींना चिकटतात, त्यामुळे त्या कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात; सेंटरकडून चित्रांची सीडी किंवा लिंक मागून घ्यावी, कारण परळला दुसरे मत घ्यायला गेलात तर तिथले डॉक्टर छापील कागदापेक्षा मूळ चित्रेच पाहू इच्छितात.

डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्न लिहून न्यावेत: हे नवे आहे की जुने, पुढचा स्कॅन कधी, आणि दरम्यान कोणती लक्षणे दिसली तर वाट न पाहता यावे? मात्र रिपोर्टमध्ये 'पल्मनरी एम्बोलिझम' (फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी) किंवा 'न्यूमोथोरॅक्स' (फुफ्फुसाभोवती हवा साठणे) लिहिले असेल, किंवा खोकल्यातून रक्त येत असेल, धाप वाढत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे आणि रिपोर्टबरोबर सीडीही न्यावी.