हीट पंप बसवताय? वायरिंगच्या या चुका टाळा

घर गरम करायला गोव्यात कोणी हीट पंप घेत नाही. इथे हीट पंप म्हणजे आंघोळीच्या पाण्याचा. दोनशे-तीनशे लिटरची टाकी आणि तिच्या डोक्यावर किंवा शेजारी पंखा-कंप्रेसरचा डबा. हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडायची, त्यामुळे एक युनिट विजेत तीनेक युनिटांइतकी उष्णता मिळते. आपली उबदार, दमट हवा त्याला मानवतेही. होमस्टे चालवणाऱ्यांना किंवा आठ-दहा माणसांच्या घराला हिशेब सहज पटतो. पण यंत्रावर लाखभर खर्च करणारा माणूस डीबीपासून (घरातल्या विजेच्या मुख्य वाटप पेटीपासून) यंत्रापर्यंतच्या वायरीत हजार रुपये वाचवायला बघतो, आणि पुढच्या बहुतेक तक्रारी तिथेच जन्म घेतात.

गीझरच्या पॉइंटवर जोडणं

सर्वांत जास्त दिसणारी चूक. कंप्रेसर घेतो साधारण एक किलोवॅट, म्हणजे चार-साडेचार अँपिअर. "गीझरपेक्षा कमीच की" म्हणत वायरमन जुन्याच १६ अँपिअरच्या सॉकेटात पिन खुपसून मोकळा होतो. पण बऱ्याच मॉडेलांत दीड-दोन किलोवॅटचा बॅकअप हीटरही असतो. दोन्ही एकत्र चालले की भार तीन किलोवॅटवर, म्हणजे १३ अँपिअरवर जातो. शिवाय गीझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो, हीट पंप सलग तीन-चार तास चालतो. खाऱ्या हवेने काळवंडलेल्या पिना एवढा वेळ तापत राहिल्या की सॉकेटच्या भोकाभोवती आधी तपकिरी कडं दिसतं, मग जळक्या प्लास्टिकचा वास येतो. तोपर्यंत एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप लाइन तोडणारा स्विच, पडत नाही. पडेलच कशी? प्रवाह तिच्या मर्यादेतच असतो, तापतोय तो सांधा.

म्हणून डीबीतून स्वतंत्र लाइन घ्या. अंतर थोडं असेल तर कागदावर अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. पण बंगल्याच्या मागच्या पडवीपर्यंत किंवा गच्चीवर न्यायची असेल तर सरळ चारची ओढा, आणि तिला २० अँपिअरची डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी) एमसीबी लावा. 'सी' कर्व्ह मागा, ती सुरुवातीचा क्षणभराचा जास्त प्रवाह सोसते, 'बी' कंप्रेसरच्या स्टार्टला कधीकधी उगाच पडते. प्लग-सॉकेट नकोच. यंत्राजवळ, हात पोचेल असा डबल पोल आयसोलेटर, म्हणजे लाइन तोडायचा स्विच हवा. जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे असण्याची शक्यता बरीच असते. तिथे सिंगल पोल स्विच बंद केला तरी आत फेज जिवंत राहतो.

कंपनीच्या पुस्तिकेत वायर आणि एमसीबीचा वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. जोडणी परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या आणि भार वाढतोय तर मंजूर भार तपासून वीज खात्यात अर्जही करा.

आर्थिंगचा खड्डा आहे, मग आरसीसीबी कशाला?

आरसीसीबी म्हणजे करंट गळतोय हे ओळखून लाइन तोडणारा स्विच. तो कशाला, हा प्रश्न गोव्यात इतक्यांदा ऐकू येतो की त्याच्यावर जरा थांबायला हवं. "पात्रांव, मीठ-कोळसा घालून खड्डा मारलाय, काही होत नाही!" असं वायरमन छातीठोक सांगतो. हिशेब करून बघू. समजा खड्ड्याचा रोध २० ओहम आहे. हीटरचं आवरण फुटून फेज टाकीच्या पत्र्याला लागला, तर जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे फार तर साडेअकरा अँपिअर. तुमची एमसीबी २० ची. ती पडणारच नाही. टाकीच्या पत्र्यावर करंट राहील, त्याच टाकीचं पाणी नळाला येईल, आणि खाली ओल्या फरशीवर माणूस उभा असेल.

आणि २० ओहम हा आकडा आपल्याकडे फार वाईटही नाही. चिऱ्याची (जांभ्याची) जमीन सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही. जुलैत छान आकडा दाखवणारा खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो. म्हणून आर्थ टेस्टरने मोजायचं ते मेमध्ये, पावसात नव्हे. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहायला हवं, हे मालकाला कोणी सांगत नाही.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल तर हाच खड्डा पुरतो. एवढीशी गळती झाली तरी ती सेकंदाच्या अंशात लाइन तोडते. मात्र आरसीसीबी जादा भार ओळखत नाही, एमसीबी सोबत हवीच. किंवा दोन्ही कामं करणारा आरसीबीओ घ्या. इन्व्हर्टर कंप्रेसर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) असेल तर 'ए' टाइप मागा. दुकानात सहसा 'एसी' टाइप पुढे करतात. त्याचा एअर कंडिशनरशी काही संबंध नाही. तो फक्त साध्या उलटसुलट प्रवाहाची गळती ओळखतो, इलेक्ट्रॉनिक्समधून येणारी तुटक गळती त्याच्या नजरेतून सुटू शकते.

आर्थची वायर सापडली नाही म्हणून आर्थची पिन न्यूट्रलला जोडणारे महाभागही आहेत. पावसाळ्यात माडाची झावळ तारांवर पडून न्यूट्रल तुटला की यंत्राचा अख्खा पत्रा फेजवर येतो. हे दिसलं तर त्याच क्षणी लाइन बंद करा. पाण्याच्या पाइपला आर्थ बांधणंही तसंच निरुपयोगी, आता पाइप प्लास्टिकचे आहेत.

बाहेरचं युनिट: खारी हवा, पाऊस, पाली

मोरजीपासून कोलव्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या घरांत टर्मिनल उघडून बघा, वर्ष-दोन वर्षांत तांब्यावर हिरवा थर दिसतो. थर आला की सांधा ढिला, सांधा ढिला की तापणार. मल्टीस्ट्रँड वायर नुसती पिळून स्क्रूखाली दाबू नका, कल्हई केलेली लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) क्रिंप करा, म्हणजे दाबून पक्की बसवा. केबल डब्यात खालून ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) घ्या आणि आधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल. वरून भोक पाडून त्यावर सिलिकॉन चोपडणं म्हणजे पहिल्या मोठ्या पावसाला आमंत्रण. उघड्यावर टेप गुंडाळलेला सांधा तर चालवून घेऊच नका.

हीट पंप दमट हवेतून बरंच पाणी काढतो. त्याचा ड्रेन पाइप आयसोलेटरवर ठिबकत नाही ना, ते बघा. पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या) डब्याची मोकळी भोकं बंद करा, नाहीतर पाल आत शिरून बोर्ड जाळते आणि मुंग्या रिलेत घर करतात.

मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटासाठी डीबीत टाइप २ चा एसपीडी, म्हणजे विजेच्या लाटेपासून वाचवणारा डबा लावा. त्याच्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की तो संपला, बदलायचा. इन्व्हर्टर मॉडेलला स्टॅबिलायझर बहुधा लागत नाही. आणि दिवे-पंख्यांच्या बॅटरी इन्व्हर्टरच्या लाइनवर हीट पंप कधीच टाकू नका.

ट्रिप होतंय, तर कुठून सुरुवात?

आधी नेमकं काय पडतंय ते बघा. आरसीसीबी पडत असेल तर पहिला संशय बॅकअप हीटरवर. विहिरीच्या मचूळ पाण्याने त्याच्या आवरणाला बारीक भोक पडतं. वायरमनकडून हीटरच्या दोन्ही वायरी सोडवून घ्या. मग आरसीसीबी टिकली तर चोर सापडला. फक्त पावसात पडते? बाहेरचा डबा आणि ग्लँड बघा. दुसऱ्या खोलीतलं काही लावलं की पडते? कुठेतरी दोन लाइनींचा न्यूट्रल एकत्र झालाय. घरातल्या सगळ्या यंत्रांना मिळून एकच आरसीसीबी असेल तर प्रत्येकाची थोडीथोडी गळती साठून ती पडते, हीट पंपाला वेगळी द्या. टेस्ट बटण दाबून ती पडली म्हणजे आर्थिंग ठीक, असं मात्र समजू नका. ते बटण फक्त आरसीसीबीचं काम तपासतं.

एमसीबी अर्ध्या तासाने पडत असेल आणि हाताला गरम लागत असेल, तर डीबीतला स्क्रू ढिला आहे किंवा एमसीबी लहान आहे. मोठी एमसीबी बसवायची घाई नको, आधी वायर किती जाडीची आहे ते बघा. २.५ च्या वायरीवर ३२ ची एमसीबी म्हणजे वायरच फ्यूज.

झाकण उघडण्याआधी मेन बंद करून मल्टिमीटरने खात्री करा, टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका. इन्व्हर्टर बोर्डावरचे कपॅसिटर लाइन तोडल्यावरही काही मिनिटं भरलेले असतात, पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा.

चवथीला (गणेश चतुर्थीला) चार-सहा महिन्यांनी घर उघडणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. गावात उतरल्या उतरल्या एमसीबी वर करायची नाही. आधी टाकी भरा, गरम पाण्याचा नळ सोडा, हवा जाऊन धार सलग येऊ द्या, मगच लाइन द्या. रिकाम्या टाकीत बॅकअप हीटर लागला की तो मिनिटा-दोन मिनिटांत जळू शकतो, आणि चवथीच्या दिवसांत तो बदलून द्यायला कोणी येत नाही.